हा बर्फ आधी कुठं होता

हिल्ला हसली. पायाची पट्टी सुटत होती, कोमट पाण्यानं भिजवून भिजवून नर्स रीक्का शेवटचा जाळीदार थर चिमट्यानं अलगद उचलत होती, आणि अशा वेळी सहा वर्षांची हिल्ला खुदकन हसली. उशाशी बसलेल्या राइलीची प्रार्थना मध्येच तुटली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून, डोळे घट्ट मिटून ती बसली होती, पट्टी बदलायच्या वेळी नेहमी बसायची तशीच, नातीच्या पहिल्या किंकाळीसाठी अंग आवळून. किंकाळी आली नाही. आलं ते हसू, आणि त्यानं ती किंकाळीपेक्षा जास्त दचकली. डोळे उघडले तर हिल्लाच्या चेहऱ्यावर तो जाड काळा, आत हलती चित्रं दाखवणारा चष्मा बांधलेला. त्याखाली नाकाचा शेंडा, उघडं तोंड आणि पडलेल्या दुधाच्या दाताची फट एवढंच दिसत होतं. मान हळूहळू इकडून तिकडे वळत होती. "मम्मू, कोल्हे! पांढरे! आपण नुसतं बघितलं ना, की ते शेपटी आपटतात आणि आभाळात हिरवी आग उडते." राइली म्हणाली, "हो का गं?" "भाजत नाही ती." "पळू देऊ नकोस हं त्यांना," रीक्का खाली मान घालून म्हणाली, "एकेकाकडे नीट बघ. तो झाडामागचा लबाड आहे, मला फसवतो दरवेळी." "तो सापडला मला मघाशीच!" हिल्ला म्हणाली. मग थोडं थांबून, मान तशीच वर, छताच्या पलीकडे कुठंतरी वळवून तिनं विचारलं, "मम्मू, हा बर्फ आधी कुठं होता?"

रीक्काचा चिमटा थांबला. क्षणभरच. तिनं वर पाहिलं नाही, पण तिच्या मानेवरून कळत होतं की ती ऐकते आहे. आणि राइली म्हणाली, "तेव्हा ना, तेव्हा तो चार्ज केलेला नव्हता." "अच्छा," हिल्ला म्हणाली आणि पुन्हा कोल्ह्यांमागे गेली. चिमटा पुन्हा चालू लागला.

किती सहज आलं ते. जिनं दारावर आलेल्या माणसाला 'घरात नाहीत म्हणून सांग' असंही पोरांना कधी सांगू दिलं नाही, जी सकाळी डोळे उघडल्यावर कॉफीच्या आधी सगळ्या नातवंडांची नावं एकेक करून देवासमोर ठेवते आणि एखादं नाव मागंपुढं झालं तर पहिल्यापासून सुरू करते, तिच्या तोंडातून हे शब्द असे आले की जणू कित्येक दिवस जिभेखाली तयारच होते. चार्ज. हा शब्द तिच्या बटणांच्या फोनमुळं तिला ठाऊक होता. शब्द खरा होता, चष्मा खरा होता, चष्मा चार्ज करावा लागतो हेही खरं. खोटी होती ती फक्त राइली. पट्टी बांधून होईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. फिनलंडमधल्या ओउलूच्या नोव्हेंबरचा ओला काळोख. दुपार अजून सरली नव्हती तरी दिवे लागलेले, डांबरी रस्ता चकाकत होता, आणि बर्फाचा पत्ता नव्हता. यंदा बर्फाला उशीर झाला म्हणून सगळं गाव कुरकुरत होतं. बर्फ पडला की निदान उजेड तरी वाढतो.

हिल्ला भाजली त्या दिवशी सौनाच्या, वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत तो उजेडही नव्हता, एक लहानसा दिवा फक्त. शनिवार होता. लेक एलिना बाळंतपणासाठी दवाखान्यात, जावई तिच्याजवळ, थोरली मुलं शेजारी, आणि हिल्ला आजीकडे. राइलीच्या आजीपासूनचा नेम होता: दगडांवर पहिलं पाणी टाकायचं, पहिली वाफ अंगावर आली की कुणी बोलायचं नाही, डोळे मिटायचे, आणि आठवड्याचं सगळं देवाच्या हवाली करायचं. वाफेसारखं वर जातं ते, आजी म्हणायची. हिल्लाला हे पाठ होतं. राइलीनं डोळे मिटले, एलिनाचं नाव घेतलं, पोटातल्या बाळाचं, ज्याला अजून नाव नव्हतं, आणि त्या बिननावाच्या बाळापाशी ती जरा जास्त रेंगाळली. त्या शांततेत शहाणी हिल्ला खालच्या पायरीवरून उतरली. तिला मम्मूसाठी बादली भरून ठेवायची होती. भट्टीच्या कडेच्या टाकीतलं पाणी उकळत होतं. टाकीची तोटी जड होती, एरवी हिल्ला हाक मारायची, मम्मू उघड ना. हाक मारली नाही, कारण मम्मू प्रार्थनेत होती. तोटी तिनं दोन्ही हातांनी फिरवली आणि ती एकदम पूर्ण फिरली. राइलीनं डोळे उघडले ते त्या आवाजानं. नंतर थंड पाणी, टॉवेल, फोन, रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला की थंड पाणी ओतत राहिलात ते फार बरं केलंत. बरं केलंत. हे शब्द तिला आजकाल सारखे भेटत होते, आणि दरवेळी अशाच जागी.

प्रार्थनेच्या भगिनीमंडळातल्या आउनेनंही तेच म्हटलं होतं. त्यांच्यात रीत आहे, मनावर ओझं असलं की ते कुणाही श्रद्धावान बहिणीपुढं ठेवायचं, आणि तिनं गळ्यात हात टाकून म्हणायचं, येशूच्या नावात आणि रक्तात तुझं सगळं क्षमा झालं, विश्वास ठेव. राइलीनं आयुष्यभर ते घेतलं होतं आणि दिलं होतं, आणि दरवेळी खांद्यावरून ओल्या लोकरीचा कोट उतरवावा तसं हलकं वाटलं होतं. आउने भेटायला आली, "देवाचं कुशल असो" म्हणत दारातूनच रडत आली. राइलीनं तिला सौनाचं सगळं सांगितलं, डोळे मिटले होते तेसुद्धा. आउनेनं गळ्यात हात टाकले, ते शब्द म्हटले. मग रुमालानं नाक पुसता पुसता तिनं विचारलं, "आणि काय गं, हे लोक पोरांना पट्टीच्या वेळी खेळ दाखवतात म्हणे डोळ्यांवर काहीतरी बांधून?" "दाखवतात. मी नको म्हटलं." "बरं केलंस. ठाम राहिलीस. तेवढ्यासाठी का सैतानाला घरात घ्यायचं? चल, कॉफी कुठं मिळते इथं?" ओझं तिथंच राहिलं. नुसतं राहिलं नाही, त्याला वरून शाबासकीही चिकटली.

नको म्हटलं. कसं म्हटलं तेही तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. पहिल्या पट्टीच्या आधी रीक्का तो चष्मा हातात घेऊन आली होती. "राइली, दुखण्याचं औषध दिलंय तिला. पण औषध भीतीला पुरत नाही हो. हे बांधलं की पोर दुसऱ्याच जगात जातं, आमचा निम्मा त्रास वाचतो आणि तिचा त्याहून जास्त." "नको. आमच्याकडे तसलं चालत नाही." "तिच्या आईला विचारू का?" "आई आत्ता ऑपरेशनच्या टेबलावरून उतरलीये. मी सांगते ना." रीक्कानं एकदा तिच्याकडे, एकदा हिल्लाकडे पाहिलं. हिल्लानं त्या चष्म्याकडे डोळे मोठे करून पाहिलं होतं, आणि मग राइलीकडे बघून झटकन मान भिंतीकडे फिरवली होती. शहाणी पोर, राइलीच्या मनात आलं होतं, रक्तात आहे. मग ती हिल्लाच्या कानाशी तोंड नेऊन भजन म्हणत बसली, हळू आवाजात, सगळी कडवी. कितव्या कडव्याला कोण जाणे, हिल्ला ओरडली, "मम्मू, देवाला सांग ना आता पुरे!" राइलीनं सांगितलं. डोळे मिटून, सगळा जीव एकवटून सांगितलं. त्यानंतरच्या पट्ट्यांनाही सांगत राहिली. चष्मा भिंतीवरच्या खुंटीवर, दिव्याचा हिरवा ठिपका लुकलुकत, चार्ज होऊन लटकलेला होता.

आणि मग एलिनाचा फोन आला. त्याच दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला ती टाक्यांवर हात ठेवून पडून होती, मुलगा झाला होता. "आई, रीक्का आत्ता येऊन गेली माझ्याकडे. तू चष्मा नको म्हणालीस? मी हो सांगितलंय तिला." "अगं आपल्याकडे..." "आपल्याकडे नाही, आई. तुझ्याकडे." पलीकडे बाळ कुरकुरलं, एलिनानं त्याला काहीतरी म्हटलं, मग आवाज खाली आणून ती बोलली, रागानं नव्हे, दमून. "आमच्याकडे टॅब्लेट आहे. दोन वर्षं झाली. मुलांचा अभ्यास असतो त्यावर, हिल्ला प्राणी बघते. ओव्हनजवळच्या खणात असतो, भांडी धरायच्या फडक्यांखाली. तू यायची असलीस की आम्ही तिथं ठेवतो." "कोणत्या फडक्यांखाली?" राइलीनं विचारलं. इतक्या सगळ्यांतून तिला तेवढंच विचारावंसं वाटलं. "तू विणलेल्या," एलिना म्हणाली. "लाल काठाच्या."

ती फडकी तिनं नाताळासाठी विणली होती. प्रत्येक टाक्याला एक आशीर्वाद असा नेम धरून. त्या आशीर्वादांखाली दोन वर्षं एक काळी काच गप्प पडून होती, आणि घरातली एवढीशी पोरं तिच्यासमोर, मम्मूसमोर, एक अख्खं गुपित सांभाळत होती. तिला राग यायला हवा होता. तिनं रागाची वाट पाहिली. पण आलं ते हिल्लाचं भिंतीकडे वळणं. त्या चष्म्याकडे बघून झटकन वळलेली ती मान. पोरीला ठाऊक होतं तो चष्मा काय आहे ते. तिला तो हवा होता. मम्मूला कळू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि मग ती ओरडत राहिली.

चार्जचं ते उत्तर देऊन झालं त्याच दुपारी हिल्ला औषधाच्या गुंगीत झोपली तेव्हा राइली कॉरिडॉरमधल्या बाकावर येऊन बसली. रीक्का दोन कप कॉफी आणि वेलदोड्याचा एक पाव अर्धा अर्धा करून घेऊन आली. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही. नाही म्हणू नका, मी चिमटा आणीन." राइली हसली, मग हसल्याचं तिलाच कसंसं झालं. रीक्का पाय पसरून बसली. "माझी आजीही तुमच्यातलीच होती. घरात टीव्ही नाही. पण वॉशिंग मशीन काचेच्या दाराचं. आम्ही सगळी चुलतभावंडं रांगेत बसून तेच बघायचो. माझा भाऊ म्हणायचा, आज लाल मोजा जिंकणार." "आणि आजी?" "आजी? आजी एकदा मागून आली, बघत उभी राहिली, आणि म्हणाली, निळा." राइलीनं कप दोन्ही हातांत धरला. "रीक्का, मघाशी मी जे बोलले ते..." "मी खोटी माणसं पकडायला येत नाही हो इथं, मी भाजलेल्यांच्या पट्ट्या करते." मग पावाचा तुकडा कॉफीत बुडवून ती म्हणाली, "फक्त एवढं सांगते, पोरं जे विचारतात ना, त्याचं उत्तर त्यांनी आधी स्वतःच ठरवलेलं असतं. आणि ते बहुतेक फार वाईट असतं. ते काय आहे ते कुणीतरी विचारायला हवं." ती उठून गेली. कपातली कॉफी निवत गेली.

लाल मोजा, निळा मोजा. राइलीच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरीच काच होती. शेजारच्या लेम्पी काकूंची खिडकी. काकू श्रद्धावान नव्हत्या, आणि गावातला पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला होता. नऊ वर्षांची राइली दूध आणायला निघायची आणि किटली बर्फात ठेवून त्या खिडकीखाली उभी राहायची. आत निळसर उजेडात माणसं प्रचंड उतारावरून स्कीवर घसरत यायची आणि एकाएकी खालची जमीन संपायची, आणि ती पडायची नाहीत. हवेत पुढं झुकून तशीच जात राहायची, बर्फावरून, झाडांवरून. काचेपलीकडचा बर्फ तिच्या पायाखालच्या बर्फाहून पांढरा होता. किती वेळ उभी राहिली ते तिला कळलं नव्हतं. वडिलांनी मागून खांद्यावर हात ठेवला तेव्हा दूध गोठलं होतं, आणि घरी येऊन आईनं बूट काढले तेव्हा बोटं मेणासारखी पांढरी. ऊब लागल्यावर जे दुखलं ते अजून तिच्या नखांत होतं. त्या रात्री तिनं सगळ्या भावंडांची एकेक करून क्षमा मागितली, आणि सगळ्यांनी गळ्यात हात टाकून ती दिली, धाकट्यानं तर दोनदा. पण एक गोष्ट तिनं तेव्हा सांगितली नव्हती आणि पुढंही कधी नाही. तिथं उभी असताना पाय दुखत नव्हते. बोटं मरत होती आणि ती सुखात होती, इतक्या सुखात की तसं सुख नंतर तिला फक्त प्रार्थनेत, आणि तेही क्वचित, मिळालं. म्हणून तर ती त्या गोष्टीला इतकं भ्यायली. तिला कुणी सांगायची गरज नव्हती की काचेतला बर्फ दुखणं थांबवतो. रीक्का चष्मा घेऊन आली तेव्हा तिला ठाऊक होतं. अडाणीपणानं नव्हे, ठाऊक असून ती नको म्हणाली. हे मनात स्पष्ट उमटलं आणि तिनं कप बाकावर ठेवला.

आउनेला पुन्हा फोन करता आला असता. तिनं पुन्हा तेच शब्द म्हटले असते, आणि शब्द खरेच होते, राइलीच्या मनात त्यांच्याबद्दल तिळभर शंका नव्हती. पण ज्या पायावर ते घडलं तो पाय आउनेचा नव्हता.

पुढच्या पट्टीच्या सकाळी रीक्का ट्रे घेऊन आली, तिनं चष्मा खुंटीवरून काढला, आणि राइली म्हणाली, "जरा थांबाल?" रीक्कानं चष्मा पलंगावर ठेवला आणि पाठ करून नळाखाली हात धुऊ लागली. गरजेपेक्षा खूप जास्त वेळ धूत राहिली. "हिल्ला," राइली म्हणाली. "काय?" "हा चष्मा चार्ज केलेला नव्हता असं मी सांगितलं ना तुला. ते खोटं होतं. तो होता. पहिल्यापासून इथंच होता. मी नको म्हटलं होतं." हिल्ला पांघरुणाची कड बोटावर गुंडाळत होती. "मला माहितीये. मी ऐकलं होतं." "मग विचारलंस का गं?" "मला वाटलं तू सांगशील का नको म्हणालीस." मग पांघरुणाची कड बोटावरून सोडून ती म्हणाली, "मम्मू, तुला एक सांगू? रडणार नाहीस?" "नाही." "आमच्याकडे टॅब्लेट आहे." "हो." "तुला कुणी सांगितलं?" "तुझ्या आईनं." हिल्लाचा चेहरा एकदम लहान झाला. "सौनाच्या दिवशी सकाळी मी तो न विचारता घेतला होता. कोल्ह्यांचंच बघितलं. आई दवाखान्यात होती ना, आणि देवाला तर दिसतंच. म्हणून ते पाणी सांडलं. आणि तू नको म्हणालीस तेव्हा मला कळलं की तुलापण ते माहितीये."

नळ बंद झाला होता. राइलीच्या आत कितीतरी वाक्यं उभी राहिली, लहानपणापासून ऐकलेली, इतरांना सांगितलेली, चांगली, खरी वाक्यं, आणि त्यांतलं एकही इथं ठेवण्यासारखं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिचा तिलाच परका वाटला. "नाही, हिल्ला. ऐक. पाणी सांडलं कारण तोटी जड होती, आणि मम्मूचे डोळे मिटलेले होते. मम्मूनं बघायला हवं होतं. देवानं त्यातलं काही केलं नाही. आणि चष्म्याला मी नको म्हटलं ते मी भित्री आहे म्हणून. तू काही केलंस म्हणून नाही." "तू भित्री?" "खूप." "कोल्ह्यांना?" "कोल्ह्यांनाच, असं समज." आणि मग राइलीनं पलंगाशी वाकून विचारलं, घरी रोज संध्याकाळी मुलं आईबापांना आणि आईबाप मुलांना विचारतात त्याच साध्या शब्दांत, "मला क्षमा करशील?" हिल्लानं एका हातानं, दुसऱ्यात सलाईनची नळी होती म्हणून एकाच हातानं, तिचा गळा धरला आणि ते शब्द म्हटले, लहान मुलं म्हणतात तसे, भराभर, एकात एक घुसलेले, नाव आणि रक्त आणि सगळं क्षमा आणि विश्वास ठेव, आणि श्वास न घेता पुढं, "मला पण." राइलीनं तिला ते शब्द सावकाश दिले. एकही गाळला नाही.

"आता कोल्हे?" हिल्ला म्हणाली.

राइलीनं स्वतःच्या हातांनी चष्मा बांधला. पट्टा केसांत अडकला, तिनं तो सोडवला. रीक्का स्टुलावर बसली, तिनं पाणी ओतलं, आणि राइलीची बोटं आपोआप एकमेकांत गुंतली, पापण्या आपोआप खाली येऊ लागल्या. तिनं त्या थांबवल्या. रोजच्या क्रमानं तिनं नावं घ्यायला सुरुवात केली, थोरल्यापासून, पण डोळे उघडे ठेवून, पट्टीवर, चिमट्यावर, उचलल्या जाणाऱ्या जाळीवर, आणि जाळी दूर झाली तेव्हा जे होतं त्यावर. इतक्या दिवसांत तिनं तो पाय पाहिलाच नव्हता. हिल्लाच्या नावापाशी आल्यावर पुढचं नाव आठवेना. "मम्मू, तू डोळे मिटलेस?" हिल्लानं तिच्या बर्फातून विचारलं. "नाही." "मग कसा आहे माझा पाय?" रीक्कानं वर पाहिलं. "लाल आहे," राइली म्हणाली. "कडेनं पिवळा. घोट्यापाशी गुलाबी नवी कातडी आलीये, कागदासारखी पातळ. अंगठ्याजवळ अजून ओलं आहे." "वाईट दिसतंय?" "हो." हिल्लाची मान वळली, तिकडे कुठंतरी शेपटी आपटली असावी, ओठांवर हिरव्या आगीचं हसू उमटलं आणि पाण्याच्या धारेसरशी आक्रसलं, मग पुन्हा उमटलं. "तुला दुखतंय का गं, मम्मू?"

"दुखतंय."

"मग माझं झालं की तू पण बघ ना कोल्हे."

"नंतर," राइली म्हणाली. रीक्कानं पुन्हा पाणी ओतलं, आणि राइली पायाकडे बघत राहिली.